मोबाइल कंपनीचं वॉलेट रोजच्या खर्चाला घ्यावं का? नाशिकमध्ये नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सिमकार्डाच्या कंपनीचं ॲप उघडलं की रिचार्जच्या बटणाशेजारी हल्ली ‘वॉलेट’, ‘बँक’, ‘यूपीआय’ अशीही बटणं दिसतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला आलेला मुलगा किंवा कॉलेज रोडवर खोली घेऊन राहणारी विद्यार्थिनी त्यातलं एखादं बटण सहज दाबते आणि शे-पाचशे रुपये आत जातात. आत टाकणं दोन मिनिटांचं काम आहे. पण ते बाहेर कसे काढायचे, सिम बंद पडलं तर त्यांचं काय होतं आणि मध्येच अडकले तर कुणाला धरायचं, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय मोठी रक्कम टाकू नका. खालची तपासणी ५०० रुपयांत आणि साधारण आठवडाभरात होते.

पायरी १: तुमचे पैसे नेमके कुठल्या डब्यात आहेत ते ओळखा

एकाच ॲपमध्ये चार वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि चारही ठिकाणी ‘बॅलन्स’ हाच शब्द दिसतो.

टॉकटाइमचा बॅलन्स म्हणजे फोन सेवेसाठी आधीच भरलेले पैसे. त्यातून किराणा घेता येत नाही आणि ते बँकेत वळतेही करता येत नाहीत.

वॉलेट म्हणजे नियमांच्या भाषेत पीपीआय, आधी पैसे भरून मग खर्च करायचं साधन. त्याची ओळख तुमचा मोबाइल नंबर हीच असते. त्यावर व्याज मिळत नाही, तसा नियमच आहे. कंपनी बँक नसेल तर तिला ग्राहकांचे पैसे एखाद्या बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात (कंपनीला स्वतःसाठी वापरता न येणाऱ्या राखीव खात्यात) ठेवावे लागतात, पण या पैशांना ठेव विम्याचं संरक्षण नसतं.

पेमेंट्स बँकेचं बचत खातं वेगळं. त्याला खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड असतो, व्याज मिळतं आणि ५ लाखांपर्यंत ठेव विमाही लागू असतो. एका ग्राहकाचे त्यात दिवसअखेर २ लाखांपर्यंतच पैसे राहू शकतात, आणि अशी बँक कर्ज देऊ शकत नाही. एअरटेल आणि जिओ या दोन्ही समूहांच्या पेमेंट्स बँका आहेत.

चौथा प्रकार म्हणजे नुसती यूपीआयची सोय. ॲप मोबाइल कंपनीचं असतं, पैसे मात्र तुमच्या जुन्या बँकेतूनच जातात. कंपनीकडे काहीच ठेवावं लागत नाही, म्हणून हा सगळ्यात कमी जोखमीचा प्रकार.

ॲपमध्ये ‘खाते तपशील’ उघडा. आयएफएससी कोड दिसला तर ते बचत खातं आहे. फक्त मोबाइल नंबर आणि शिल्लक दिसली तर बहुतेक वॉलेट. मग अटींच्या पानावर जाऊन वॉलेट देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव शोधा. ॲपवरचं नाव आणि परवाना असलेली संस्था पुष्कळदा वेगळी असते. हे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या परवानाधारकांच्या यादीत सापडलं पाहिजे. सापडत नसेल तर पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही.

पायरी २: ‘मान्य आहे’ दाबण्याआधी आधारची संमती वाचा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि सगळ्यात जास्त मनस्ताप तिच्यामुळेच होतो. २०१७ मध्ये सिमच्या आधार पडताळणीच्या वेळीच स्पष्ट संमतीशिवाय एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेल्याच्या आणि गॅस सिलिंडरचं अनुदान त्या खात्यांत जमा झाल्याच्या तक्रारी आल्या. आधार प्राधिकरणाने तेव्हा कंपनीची ई-केवायसीची (आधारवरून ग्राहकाची ओळख पडताळण्याची) परवानगी स्थगित केली आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड केला.

त्यानंतर व्यवस्था कडक झाली, पण मूळ यंत्रणा आजही तीच आहे: आधारवर आधारलेलं सरकारी अनुदान आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये किंवा पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता जिल्हा बँकेत यायचा आणि अचानक येईनासा झाला, तर नव्याने उघडलेलं पेमेंट्स बँकेचं खातं आधी तपासा. पैसे बहुधा बुडालेले नसतात, दुसऱ्या दाराने गेलेले असतात.

म्हणून खातं उघडताना ‘सरकारी लाभ या खात्यात घेण्यास संमती’ अशा अर्थाचा चौकोन दिसला की थांबा. तिथे आधीच टिक केलेली असेल तर ती काढा. काम संपल्यावर आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा, तिथे सध्या जोडलेल्या बँकेचं नाव दिसतं. घरातल्या आईचं किंवा आजीचं खातं तुम्ही उघडून देत असाल तर ही तपासणी त्यांच्यासमोर बसून करा. रिचार्जच्या दुकानात अंगठा देण्याआधीही ‘हा अंगठा कशासाठी?’ हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, हे त्यांना सांगून ठेवा.

पायरी ३: अर्धी केवायसी की पूर्ण?

नुसता ओटीपी, नाव आणि एखाद्या ओळखपत्राचा क्रमांक देऊन वॉलेट सुरू होतं. याला लोक मिनिमम केवायसी म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या नियमावलीनुसार त्यात कुठल्याही वेळी १०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, महिन्याला १०,००० आणि वर्षाला १,२०,००० रुपयांपर्यंतच भरता येतात. ही मर्यादा रोजच्या खर्चाला पुरेशी वाटते. खरी अडचण दुसरीकडेच आहे.

अशा वॉलेटमधून फक्त खरेदी करता येते. मित्राला पैसे पाठवता येत नाहीत, स्वतःच्या बँक खात्यात काढता येत नाहीत आणि रोखही मिळत नाही. खोलीचं भाडं तिघांत वाटायचं असेल, डब्यावाल्या काकूंच्या नंबरवर महिन्याचे पैसे टाकायचे असतील, तर हे वॉलेट उपयोगाचं नाही. शिवाय दुसऱ्या कंपनीचा क्यूआर स्कॅन करून यूपीआयने पैसे देण्याची सोय फुल केवायसी वॉलेटलाच सक्तीची केलेली आहे. पंचवटीतल्या भाजीवाल्याच्या गाडीवर जो कुठला ‘स्कॅनर’ लावलेला असेल तो अर्ध्या केवायसीच्या वॉलेटवर चालेल याचा भरवसा नाही. दुकानात रोख देऊन भरलं जाणारं अर्ध्या केवायसीचं छोटं वॉलेट २४ महिन्यांत फुल केवायसी करावंच लागतं. नाही केलं तर पुढे त्यात पैसे भरता येत नाहीत, उरलेले तेवढे खर्च करता येतात.

फुल केवायसीला सहसा पॅन आणि आधार लागतं. ती व्हिडिओ कॉलवर किंवा केंद्रात समोरासमोर होते. मग शिल्लक २ लाखांपर्यंत ठेवता येते, आधी नोंदवलेल्या व्यक्तीला महिन्याला २ लाखांपर्यंत आणि न नोंदवलेल्यांना महिन्याला १०,००० पर्यंत पाठवता येतात. रोख भरण्याची मर्यादा महिन्याला ५०,००० आहे. कंपनी यापेक्षा कमी मर्यादा ठेवू शकते, म्हणून ॲपमधला आकडा वेगळा पाहून घ्या.

न नोंदवलेल्यांची मर्यादा बारकाईने समजून घ्या. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात बरेच विक्रेते दुकानाचा क्यूआर न ठेवता स्वतःच्या खात्याचा लावतात. त्यांना दिलेले पैसे नोंदीत ‘खरेदी’ म्हणून न धरता ‘व्यक्तीला पाठवले’ असे धरले जातात आणि या मर्यादेतून वजा होत राहतात. महिनाअखेरीला अशी देणी अचानक नाकारली जाऊ लागली तर आधी हे कारण पडताळा.

व्हिडिओ केवायसी फसण्याची कारणं साधी असतात: पॅन आणि आधारवरच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक, खोलीत कमी उजेड, फोनचं लोकेशन बंद किंवा पॅनचं मूळ कार्ड हाताशी नसणं. ही चार कामं आधी उरकली तर एका बैठकीत होतं.

पायरी ४: ५०० रुपयांची चाचणी

आधी शुल्काचं पान उघडा आणि दोन आकडे टिपून ठेवा: क्रेडिट कार्डवरून वॉलेट भरण्याचं शुल्क आणि वॉलेटमधून बँकेत पैसे नेण्याचं शुल्क. यूपीआयने किंवा डेबिट कार्डाने भरणं बहुधा फुकट असतं. बाहेर काढताना मात्र टक्केवारी लागू शकते आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. समजा शुल्क ३ टक्के आहे. ५०० रुपये परत बँकेत नेले तर १५ रुपये शुल्क आणि २.७० जीएसटी, म्हणजे १७.७० रुपयांची चाट. १०,००० वर हेच ३५४ होतात. एवढ्यासाठीच मोठी रक्कम टाकण्याआधी ‘बाहेर’चा दर पाहायचा.

आता ५०० भरा आणि या क्रमाने वापरा.

पहिल्या दिवशी चहाच्या टपरीवर २० रुपये द्या. दुकानाच्या साउंडबॉक्समधून आवाज येईपर्यंत किती वेळ लागतो आणि तुमच्या फोनवर कुठल्या नावाने नोंद पडते, दोन्ही पाहा.

मग रविवार कारंजा, मेन रोड किंवा भद्रकालीच्या गर्दीत संध्याकाळच्या वेळी एक खरेदी करा. नेटवर्कवर ताण असतो ती जागा आणि ती वेळ मुद्दाम निवडायची. सकाळी घरच्या वायफायवर सगळीच ॲप झकास चालतात.

त्यानंतर एक रिचार्ज करा. स्वतःच्या कंपनीचं नको, घरातल्या कुणाचा तरी दुसऱ्या कंपनीचा नंबर घ्या. महावितरणच्या बिलासाठी ग्राहक क्रमांक टाकून बिलाची रक्कम बरोबर येते का तेवढं बघा. बिल भरायचंच असेल तर शेवटच्या तारखेच्या किमान तीन दिवस आधी भरा, कारण पैसे अडकले तर विलंब आकार तुमच्याच माथी येतो.

घरच्या एका माणसाच्या नंबरवर ५० रुपये पाठवा आणि परत मागवा. दोन्ही दिशा चालल्या पाहिजेत.

शेवटी उरलेली सगळी रक्कम स्वतःच्या बँक खात्यात न्या. पूर्ण शून्यावर आणता येते का? काही ठिकाणी किमान रकमेची अट असते आणि ३०-४० रुपये कायमचे आत राहतात. ही पायरी पार पडली नाही तर ते वॉलेट रोजच्या वापराला घेऊ नका.

दोन हजारांच्या वरच्या खरेदीबद्दल एक खुलासा. एप्रिल २०२३ पासून वॉलेटमधून यूपीआयने दुकानदाराला २,००० पेक्षा जास्त रक्कम दिली तर त्यावर १.१ टक्क्यांपर्यंत इंटरचेंज शुल्क (दुकानदाराच्या बँकेने वॉलेट कंपनीला द्यायचं) लागू झालं. ते ग्राहकाकडून घ्यायचं नसतं. त्याचा भार दुकानदाराच्या बाजूला पडतो. म्हणून कपड्याच्या किंवा मोबाइलच्या दुकानात ‘वॉलेट नको, बँकेतून द्या’ असं ऐकायला मिळू शकतं. त्यांचं म्हणणं रास्त आहे, वाद घालू नका. पण कुणी तुमच्याकडूनच वर दोन टक्के मागत असेल तर स्पष्ट नकार द्या.

पायरी ५: पैसे कापले गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत

नवख्या माणसाची इथे घाई होते आणि तो लगेच दुसऱ्यांदा पैसे देतो. आधी ॲपमधली स्थिती पाहा. ‘प्रलंबित’ असेल तर काही मिनिटं थांबा. ‘यशस्वी’ असेल तर बारा अंकी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराची ओळख) दुकानदाराला दाखवा, तो त्याच्या ॲपमध्ये शोधू शकतो. नुसत्या स्क्रीनशॉटवर त्याने विश्वास ठेवावा असा आग्रह धरू नका, खोटे स्क्रीनशॉट दाखवून फसवणारे त्याला रोज भेटतात. थांबणं शक्य नसेल तर रोख द्या. यूपीआयने दुसऱ्यांदा दिले आणि मागून पहिलेही पोचले तर परत मागण्याचं काम तुमच्याच गळ्यात पडतं.

मुदती २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात ठरलेल्या आहेत. वॉलेटमधून वॉलेटमध्ये किंवा यूपीआयने व्यक्तीला पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. यूपीआयने दुकानदाराला दिलेल्या पैशांना पाच दिवसांची मुदत आहे. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, तीही तुम्ही न मागता.

तक्रार आधी ॲपमधून करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मोबाइल कंपनीच्या सिमच्या तक्रारकेंद्रात वॉलेटचा विषय मांडून दिवस घालवू नका. रिचार्ज आणि वॉलेट हे वेगळे विभाग, बहुतेकदा वेगळ्या कंपन्याच असतात.

पायरी ६: सिमचं काय होईल?

टेलिकॉम वॉलेटचा सगळा जीव सिममध्ये असतो. म्हणून हा भाग वॉलेट घेण्याआधी वाचा.

सिम हरवून नवीन घेतलं तर फसवणूक टाळण्यासाठी त्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. म्हणजे ओटीपी येत नाही आणि वॉलेटही उघडत नाही. या एका दिवसासाठी वेगळी रोख किंवा दुसऱ्या नंबरवरची यूपीआय असू द्या. फोन चोरीला गेला तर क्रम असा ठेवा: दुसऱ्या फोनवरून आधी सिम बंद, मग वॉलेट आणि बँका बंद, मग पोलिसांत तक्रार आणि संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक लागतो, तो आजच *#०६# डायल करून वहीत लिहून ठेवा.

प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो. गावाकडचं जुनं सिम खणात पडलं आहे आणि त्यावर वॉलेट आहे अशी स्थिती असेल तर या आठवड्यातच ते रिकामं करा. वॉलेटमध्येही वर्षभर एकही व्यवहार झाला नाही तर कंपनी सूचना देऊन ते निष्क्रिय करते. पैसे तुमचेच राहतात, पण पुन्हा पडताळणीचा व्याप करावा लागतो.

नंबर पोर्ट करायचा असेल तर? काही पेमेंट्स बँका कुठल्याही कंपनीच्या नंबरवर चालतात, काही सुविधा मात्र त्यांच्याच सिमपुरत्या असतात. पोर्ट करण्याआधी ग्राहक सेवेकडून हे लेखी विचारून घ्या आणि तोवर शिल्लक शून्यावर आणा.

कंपनीच वॉलेट बंद करू शकते, हेही गृहीत धरा. आदित्य बिर्ला आयडिया पेमेंट्स बँकेने २०१९ मध्ये गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. व्होडाफोनचं एम-पेसाही त्याच सुमारास बंद झालं. ग्राहकांना पैसे काढायला मुदत दिली गेली होती, पण ज्यांचा नंबर तोवर बदलला होता त्यांच्यापर्यंत असा एसएमएस पोचणार कसा?

शक्य असेल तर वॉलेटचं सिम एका कंपनीचं आणि इंटरनेटचं सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा. त्र्यंबकच्या जत्रेत, सप्तशृंगी गडावर किंवा गोदाघाटावरच्या पर्वणीच्या गर्दीत एका कंपनीचं नेटवर्क कोलमडलं तर दुसऱ्यावर काम भागतं. सिंहस्थाच्या दिवसांत मात्र खिशात सुटे पैसे असलेच पाहिजेत, दोन्ही नेटवर्क एकदम बसू शकतात.

फसवणुकीचे तीन ठरलेले डाव

‘तुमची केवायसी संपली, संध्याकाळी सिम बंद होईल’ हा पहिला. फोन करणारा नावानिशी बोलतो आणि एखादं ॲप टाकायला सांगतो. ते तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं असतं. दुसरा डाव कॉल फॉरवर्डिंगचा: *४०१* पासून सुरू होणारा कोड डायल करायला लावतात आणि तुमचे कॉल, म्हणजे कॉलवर येणारे ओटीपीसुद्धा, त्यांच्याकडे वळतात. संशय आला तर *#२१# ने तपासा आणि ##००२# ने सगळं रद्द करा. तिसरा म्हणजे सर्च करून सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर. नंबर फक्त ॲपमधूनच घ्या. आणि पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग वॉलेट कंपनीला कळवा. वेळेला इथे पैशांएवढंच मोल आहे. चूक तुमची किंवा कंपनीची नसेल आणि संदेश आल्यापासून तीन दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० यांपैकी कमी असेल तेवढा भार येतो. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं कंपनीचं.

मग घ्यायचं की नाही?

बँक खातं आणि यूपीआय आधीच नीट चालत असेल तर बहुतेकांना या वॉलेटची गरज नाही. छोट्या देण्यांनी बँकेचं स्टेटमेंट भरून जातं एवढीच तक्रार असेल तर बँकेचं यूपीआय लाइट पाहा: शिल्लक ५,००० पर्यंत, एका वेळी १,००० पर्यंत, पिनशिवाय, आणि वेगळी केवायसी नाही.

वॉलेट खरं उपयोगी पडतं ते पगार रोखीत घेणाऱ्याला आणि जवळपास बँकेची शाखा नसणाऱ्याला, कारण कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात ते भरता येतं. भरताना दुकानदाराला पैसे दिल्यावर एसएमएस येईपर्यंत काउंटर सोडू नका. शिकायला आलेल्या मुलांनाही ते चालेल: महिन्याच्या खर्चाचे दोन-तीन हजार त्यात, बाकी बँकेत, म्हणजे काही झालं तरी नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं. मात्र ‘शिल्लक कमी झाली की आपोआप भरा’ ही सोय बंदच ठेवा, नाहीतर ही मर्यादा नावापुरतीच उरते.

नको असं ठरलं तर नुसतं ॲप काढून टाकल्याने वॉलेट बंद होत नाही. आधी चालू असलेले ऑटोपे (आपोआप पैसे कापले जाण्याच्या परवानग्या) रद्द करा, शिल्लक बँकेत न्या, वर्षभराचं स्टेटमेंट उतरवून घ्या, मग ॲपमधून किंवा ग्राहक सेवेकडून खातं बंद करण्याची विनंती नोंदवा. अर्ध्या केवायसीचं छोटं वॉलेट असेल तर पैसे जिथून भरले तिथेच परत जातात किंवा केवायसी पूर्ण करून बँकेत घेता येतात. बंद झाल्याचा संदेश आला की पुन्हा एकदा आधारचं बँक सीडिंग पाहा, आणि त्यानंतरच सिम बदला.